एकच रेघ

रबाळ्याच्या कंपनीत पहिल्याच दिवशी शिकवलं:
चुकलं तर खोडायचं, पण एकच रेघ.
खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी सही, तारीख, आणि कारण दोन शब्दांत.
व्हाइटनर गेटच्या आत आणायचा नाही,
सापडला तर मेमो.

एकोणीस वर्षं मी असंच लिहितेय.
गोळी किती मिनिटांत विरघळली,
पाण्याचा पीएच किती,
खोलीचं तापमान सकाळी नऊला, दुपारी एकला.
ऑडिटवाले माझ्या अक्षराचं कौतुक करतात.
त्या अक्षरात माझ्याविषयी
एक ओळ नव्हती.

मग यंदा लेकीच्या वह्या रद्दीत काढताना
एक हाताला लागली, फिजिक्सची,
मागची साठ पानं कोरी.
रद्दीवाला खालून हाका मारत होता.
मी ती तांदळाच्या डब्यामागे सरकवली.
कशाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या रात्री लिहिलं: आज विशेष काही नाही.
बराच वेळ बघत राहिले.
मग हात सवयीनेच गेला.
रेघ. सही. तारीख.
कारण: खोटी नोंद.
आणि खाली,
आज डबा उघडताना गावंडबाईंनी विचारलं, बरी आहेस ना,
मी हो म्हणाले,
आणि नंतर बेसिनचा नळ सोडून
त्याच्या आवाजात उभी राहिले.

तेव्हापासून दुसऱ्या पाळीहून आले की
ओटा पुसून, गॅसशेजारी, उभ्यानेच लिहिते.
बसलं की झोप येते.
काही रात्री नुसता कोलंबीचा भाव.
काही रात्री पारसिकच्या डोंगरावरचा वणवा,
बसच्या खिडकीतून दिसलेला,
एखाद्याने अंधारात चाचपडत काढलेली लाल वेलांटी.
एकदा ऐरोलीच्या पुलाखालचा बगळा काढला.
त्याचं मांजर झालं.
ते खोडलं नाही.

चैत्रात होडीपाशी आले.
लिहिलं: बाबांनी होडी विकली, भरतीच्या वेळी
गिऱ्हाईक घेऊन गेलं.
पेन अडलं.
हे वाक्य बावीस वर्षं सांगत आलेय,
नवऱ्याला, सासरी, शेजारणींना.
स्वच्छ वाक्य. डाग म्हणून नाही.
म्हणजे व्हाइटनर.

बाबांनी होडी विकली, यावर रेघ.
खाली: मी म्हणाले होते,
माझ्या डिप्लोमाची फी तुमच्या जाळ्यात येणार नाही.
'जाळ्यात' म्हणताना नाक मुरडलं होतं,
तेही लिहिलं.
कारणाच्या जागी काही सुचेना.

रविवारी दिव्याच्या कोळीवाड्यात गेले.
बाबा ओटीवर दुसऱ्याचं जाळं शिवत होते.
मी पान वाचून दाखवलं,
बॅच रेकॉर्ड वाचावं तसं, सपाट आवाजात,
नाहीतर जमलं नसतं.
सुई थांबली नाही.
दोन गाठी मारून झाल्यावर म्हणाले,
"भरती नव्हती. ओहोटी व्हती.
होरी चिखलान रुतलेली.
चार तास थांबला तो मानूस पान्यासाठी."
मग दोरा दाताने तोडत,
"मीपन थांबलू."

कुणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी त्या चार तासांत माळ्यावर
नव्या पुस्तकांना कव्हरं घालत होते.

'भरती'वर एक रेघ. वर 'ओहोटी'. सही, तारीख.
कारण काय लिहू, मी विचारलं.
"लिव ना, तू बघतच नव्हतीस."
लिहिलं.

आमच्या रजिस्टरात पानाच्या तळाशी दोन रकाने असतात,
नोंद करणार, तपासणार.
मी पट्टीशिवायच आखले.
बाबांनी सुई कुडत्याला टोचून ठेवली,
पेन धरलं वल्ह्यासारखं मुठीत,
आणि चौथीत शिकलेली सही केली, तांडेल,
शेवटचा ल रकान्याबाहेर, फिजिक्सच्या समासात गेला.

राहू दे.
वाचता येतोय.